राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी बसवण्याआधी परतीची वाट

लातूरमधील एका अभ्यासिकेचे संगणक आणि नेट यांचे काम मी पाहतो. खाली चाळीस आणि वर पत्र्याखाली वीस अशा साठ खुर्च्या, बहुतेक मुले नीटची नाहीतर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, प्रत्येकाजवळ एक फोन, आणि या सगळ्यांना मिळून फायबरची एकच जोडणी. संध्याकाळी सातच्या सुमारास एखाद्याने मोठा व्हिडिओ पाठवायला घेतला की उरलेल्या सर्वांचे वर्ग अडखळत, आणि मग कोणीतरी उठून राउटर बंद-चालू करी. नवा महागडा राउटर घेण्याऐवजी होता त्याच राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी बसवले आणि हा त्रास बराचसा संपला. त्यानंतर ओळखीपाळखीतल्या आणखी काही राउटरांवर हे काम केले. प्रत्यक्ष बसवणे पाच-दहा मिनिटांत उरकते. खरे काम त्याआधीचे असते, आणि त्यातही काही बिघडल्यास राउटर पुन्हा कसा उठवायचा याची तयारी सर्वांत महत्त्वाची. म्हणून या लेखात तिलाच जास्त जागा दिली आहे.

ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसारख्या छोट्या यंत्रांसाठी असलेली, लिनक्सवर आधारलेली मुक्त कार्यप्रणाली आहे. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरच्या फर्मवेअरमध्ये (यंत्रातच बसवलेल्या प्रणालीत) जीपीएल या मुक्त परवान्याखालील सॉफ्टवेअर वापरलेले असल्यामुळे कंपनीला त्याचा मूळ कोड २००३ मध्ये खुला करावा लागला, आणि त्या कोडाच्या आधाराने २००४ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला. नावातली 'डब्ल्यूआरटी' ही अक्षरे त्या राउटरचीच आहेत. २०१६ मध्ये काही विकासक वेगळे होऊन 'लेडे' नावाने काम करू लागले होते. २०१८ मध्ये दोन्ही घरे पुन्हा एक झाली. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की, ज्या राउटरला कंपनीने नवे फर्मवेअर देणे कधीच थांबवले आहे, त्यालाही इथे सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात.

सुरुवात राउटर उलटा करून करावी. खालच्या लेबलवर मॉडेलचे नाव मोठ्या अक्षरांत असते आणि त्याच्याजवळ बारीक अक्षरांत हार्डवेअरची आवृत्ती असते. बहुतेकांची चूक इथेच होते, कारण दुकानात, खोक्यावर आणि बोलण्यात नाव एकच असले तरी आतला माल वेगळा असू शकतो. टीपी-लिंकचा आर्चर सी६ घ्या: त्याच्या युरोपसाठीच्या व्ही२ मध्ये क्वालकॉमचा प्रोसेसर आणि ८ एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवण्याची जागा) आहे, तर व्ही३ मध्ये मीडियाटेकचा प्रोसेसर आणि १६ एमबी फ्लॅश. रॅम दोन्हींत १२८ एमबी. पण एकाची फाईल दुसऱ्याला चालत नाही. व्ही२ मध्येही युरोपसाठीच्या आणि अमेरिकेसाठीच्या राउटरांच्या फायली निरनिराळ्या आहेत. म्हणून लेबलचा फोनवर फोटो काढावा, तो मोठा करून आवृत्तीचा आकडा आणि देशाची अक्षरे वाचावीत, आणि ती वाचल्याशिवाय एकही फाईल उतरवू नये. लेबल घासले गेले असेल तर कंपनीच्या मूळ फर्मवेअरच्या पानावर हार्डवेअरची आवृत्ती लिहिलेली सापडते.

त्यानंतर ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावरील उपकरणांच्या तक्त्यात आपले मॉडेल शोधावे. तिथे आधी फ्लॅश आणि रॅम पाहावी. फ्लॅश किमान ८ एमबी आणि रॅम किमान ६४ एमबी हवी. १६ आणि १२८ असेल तर पुढे पॅकेजे, म्हणजे जादा सोयींचे प्रोग्राम, टाकताना हात आखडता घ्यावा लागत नाही. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचे जुने राउटर नव्या आवृत्त्यांनी सोडून दिले आहेत, त्यांच्यावर वेळ घालवू नये. वायफायची चिप ब्रॉडकॉमची असेल तरीही सहसा माघार घ्यावी, कारण त्या चिपांसाठी मुक्त ड्रायव्हर नीटसे उपलब्ध नाहीत आणि शेवटी वायफाय नसलेला राउटर हाती उरतो. फायबरवाल्याने भिंतीवर लावून दिलेला डबा तर या कामातून वगळावाच. तो आपल्या मालकीचा नसतो आणि त्याच्या आतील मांडणीशिवाय प्रकाशाचा सिग्नल उतरत नाही. त्याच्या मागे आपला स्वतःचा राउटर जोडावा आणि जे काही करायचे ते त्यावर करावे. मूळ फर्मवेअर काढल्यावर कंपनीची हमी बहुधा संपते, हेही आधीच धरून चालावे.

फाईल उतरवण्यासाठी ओपनडब्ल्यूआरटीचे 'फर्मवेअर सिलेक्टर' हे पान सोयीचे आहे. मॉडेलचे नाव टाकले की त्या यंत्राच्या फायली समोर येतात. त्यांतली 'फॅक्टरी' ही कंपनीच्या मूळ फर्मवेअरवरून येताना लागते आणि 'सिस्अपग्रेड' ही ओपनडब्ल्यूआरटी बसल्यावर पुढच्या आवृत्तीला जाताना लागते. काही मॉडेलांना 'फॅक्टरी' फाईलच नसते आणि वेगळी पद्धत वापरावी लागते. त्या मॉडेलच्या पानावर ती दिलेली असते आणि ती वाचताना कंटाळा करून चालत नाही. दोन्ही फायली उतरवाव्यात आणि सोबत कंपनीच्या संकेतस्थळावरून त्याच हार्डवेअर आवृत्तीचे मूळ फर्मवेअरही उतरवून ठेवावे.

उतरवलेल्या फाईलचा शा-२५६ ठसा पडताळावा, म्हणजे फाईलवरून काढलेली ती अक्षरांची ओळ, जिच्यावरून फाईल जशीच्या तशी उतरली का ते कळते. लिनक्सवर त्यासाठी 'शा२५६सम' ही आज्ञा आहे, विंडोजवर 'सर्टयूटिल' वापरता येते (आज्ञा आणि पत्ते अर्थातच रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टंकावेत). संकेतस्थळावरचा ठसा आणि आपला ठसा अक्षरशः सारखा हवा. आमच्याकडे घरचे सोयाबीन पेरायचे तर शेतकरी आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात ते मोजतो. ठसा पडताळायला त्याहून कमी वेळ लागतो, तरी बरेच जण तो टाळतात.

आता परतीच्या वाटेबद्दल. राउटरच्या फ्लॅशमध्ये अगदी सुरुवातीला बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम असतो, बहुधा यू-बूट. कार्यप्रणाली त्याच्या पुढच्या भागात लिहिली जाते, आणि 'फॅक्टरी' फाईल बसवताना बूटलोडरला सहसा धक्का लागत नाही. म्हणजे लिहिणे अर्धवट राहिले तरी बूटलोडर शाबूत असतो आणि त्याच्याकरवी पुन्हा फाईल चढवता येते. टीपी-लिंकच्या कित्येक मॉडेलांत हे काम टीएफटीपीने (केबलवरून फाईल पाठवण्याच्या एका साध्या पद्धतीने) होते: रीसेटचे बटण दाबून ठेवून राउटर चालू केला की तो १९२.१६८.०.६६ या पत्त्यावरच्या संगणकाकडे ठरावीक नावाची फाईल मागतो. आर्चर सी६ व्ही२ साठी ते नाव 'आर्चरसी६व्ही२_टीपी_रिकव्हरी.बिन' असे आहे, रोमन अक्षरांत आणि लहान-मोठी अक्षरे जशी पानावर दिली आहेत तशीच. इतर काही कंपन्यांच्या राउटरांत बूटलोडर स्वतःच एक छोटे वेबपान उघडतो. आपल्या मॉडेलची रीत कोणती, हे राउटर चालू अवस्थेत असताना शोधून कागदावर लिहून ठेवावे, कारण नेट बंद पडल्यावर ते शोधायला नेट नसते.

ही शिकवण मला एका मे महिन्यातील दुपारी मिळाली. मॉडेल आणि फाईल दोन्ही बरोबर होती, ठसाही जुळला होता. फ्लॅश लिहिले जात असताना वीज गेली. अभ्यासिकेत इन्व्हर्टर आहे, पंखे फिरतच राहिले. पण वीज जाऊन इन्व्हर्टरने भार घेईपर्यंतच्या क्षणात राउटर बंद होऊन पुन्हा चालू झाला. त्यानंतर त्याचा पॉवरचा दिवा तेवढा लागून राहिला, बाकी सारे दिवे विझलेले. मालक दारात येऊन म्हणाले, "सर, गेला का हो डबा?" मी नाही म्हणालो खरा, पण परतीच्या वाटेची तयारी केलेली नव्हती.

फोनच्या हॉटस्पॉटवरून टीएफटीपीचा सर्व्हर उतरवला. संगणकाला १९२.१६८.०.६६ हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क दिला, मूळ फर्मवेअरचे नाव बदलून ते सर्व्हरच्या फोल्डरमध्ये ठेवले, केबल राउटरच्या लॅन (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टमध्ये लावली, रीसेट दाबून राउटर चालू केला. काहीच झाले नाही. पाच-सहा वेळा तेच. मग लक्षात आले की टीएफटीपी ज्यावरून चालते ते यूडीपीचे ६९ क्रमांकाचे पोर्ट विंडोजची फायरवॉल अडवत आहे. ती बंद केल्यावरही सर्व्हरच्या खिडकीत एक ओळ उमटेना. कारण असे की, राउटर चालू झाल्यावर संगणकाच्या नेटवर्क कार्डाला केबल ओळखायला दोन-तीन सेकंद लागतात आणि बूटलोडरची मागणी तेवढ्यात येऊन निघून जाते. कोपऱ्यात धूळ खात पडलेला पाच पोर्टांचा साधा स्विच राउटर आणि संगणक यांच्या मध्ये लावला. स्विच सतत चालू असल्यामुळे संगणकाची बाजू जागीच राहिली. या वेळी बटण दाबून धरल्यावर सात-आठ सेकंदांत खिडकीत फाईलचे नाव उमटले आणि टक्केवारी सरकू लागली. बटण सोडले, पाच मिनिटे कशालाही हात लावला नाही, आणि मग एकेक करून सारे दिवे लागले.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. टीएफटीपीचा सर्व्हर आधी उतरवून त्या फोल्डरमध्ये योग्य नावाची फाईल ठेवायची, फायरवॉलचा बंदोबस्त करायचा, मधला स्विच जोडून पाहायचा, आणि राउटरला वीज इन्व्हर्टरच्या सॉकेटातून न देता संगणकाच्या यूपीएसमधून द्यायची. बारा व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस असेल तर फारच उत्तम. भारनियमनाच्या गावी तो एरवीही उपयोगी पडतो. टीपी-लिंकच्या मूळ फर्मवेअरबाबत एक सावधगिरी आवर्जून घ्यावी: काही जुन्या मॉडेलांच्या फाईलच्या नावात 'बूट' हा शब्द असतो, म्हणजे त्या फाईलमध्ये बूटलोडरचा भागही असतो. अशी फाईल ओपनडब्ल्यूआरटीवरून परत जाताना जशीच्या तशी लिहिली तर बूटलोडरच बिघडू शकतो. तो भाग आधी कापून काढावा लागतो.

बूटलोडरही उत्तर देईनासा झाला तर शेवटचा उपाय सिरियल जोडणीचा. राउटर उघडून आतील तीन-चार टिकल्यांपैकी जीएनडी (ग्राउंड), टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) ओळखून यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टर जोडतात. कन्व्हर्टर ३.३ व्होल्टवर ठेवावा, पाच व्होल्टने चिप जळते. राउटरचा टीएक्स कन्व्हर्टरच्या आरएक्सला जातो आणि चौथी, विजेची टिकली मोकळीच सोडावी. बहुतेक राउटरांत या जोडणीचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट असतो. सोल्डरिंगचा हात नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून तीन तारा लावून घ्याव्यात, पण त्याला टिकल्या मात्र आपण दाखवाव्यात.

एवढी तयारी झाली की बसवायला घ्यावे. संगणकाचे वायफाय बंद करावे, केबल राउटरच्या लॅन पोर्टमध्ये लावावी (बाहेरून नेट येते त्या वॅन पोर्टमध्ये नव्हे), आणि वॅनची तार काढून ठेवावी. वायफायवरून हे काम करू नये. त्याआधी मूळ फर्मवेअरमधील काही नोंदी उतरवून घ्याव्यात: पीपीपीओईचे (नेटवाल्याकडे लॉगिन करण्याच्या पद्धतीचे) नाव आणि पासवर्ड, व्हीएलएएन (एकाच तारेवरच्या वेगळ्या नेटवर्कचा) क्रमांक असल्यास तो, आणि वॅनचा मॅक पत्ता, म्हणजे त्या पोर्टचा ओळखक्रमांक. खेड्यापाड्यांतले आणि शहरांतलेही अनेक केबलवाले जोडणी मॅक पत्त्याला बांधून ठेवतात. तो लिहिलेला नसेल तर रात्री नऊ वाजता त्यांना फोन करत बसावे लागते.

मूळ फर्मवेअरच्या अपग्रेडच्या पानावर जाऊन 'फॅक्टरी' फाईल निवडावी. काही राउटर लांबलचक नावाची फाईल घेत नाहीत. अशा वेळी तिचे नाव बदलून 'फॅक्टरी.बिन' इतके आखूड करावे. मॉडेल जुळत नाही असा संदेश आला तर जबरदस्ती न करता लेबलचा फोटो पुन्हा पाहावा. सुरू केल्यावर तीन ते पाच मिनिटे थांबावे. पानावरची पट्टी मध्येच अडकलेली दिसते, कारण राउटरचा पत्ता तोवर बदललेला असतो आणि जुने पान त्याला शोधत बसते. दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की केबल काढून पुन्हा लावावी, म्हणजे संगणकाला नवा पत्ता मिळेल, आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडावे.

समोर येते ते लूसी, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीचे वेबपान. नाव 'रूट', पासवर्ड काहीच नाही. पहिले काम पासवर्ड ठेवण्याचे. दुसरे काम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: फायबरवाल्याच्या डब्याचा पत्ताही बहुधा १९२.१६८.१.१ हाच असतो. दोन्हींचा पत्ता एकच राहिला तर राउटरला दोन्ही बाजूंना एकच गाव दिसते आणि नेट चालत नाही. म्हणून वॅनची तार जोडण्याआधीच नेटवर्कच्या पानावर लॅनचा पत्ता १९२.१६८.१०.१ असा काहीतरी करावा. नव्या पत्त्यावर दीड मिनिटाच्या आत कोणी पोहोचले नाही तर लूसी बदल मागे घेते. त्यामुळे 'सेव्ह अँड अप्लाय' दाबल्यावर लगेच केबल काढून लावावी आणि नवा पत्ता उघडावा. मग वॅनचा प्रकार पीपीपीओई करून लिहून ठेवलेले नाव, पासवर्ड आणि मॅक पत्ता भरावा. फायबरचा डबाच पीपीपीओई करत असेल तर वॅन आहे तसे डीएचसीपीवर (पत्ता आपोआप मिळण्याच्या पद्धतीवर) राहू द्यावे. सिस्टमच्या पानावर वेळेचा विभाग आशिया/कोलकाता निवडावा, कारण या राउटरांत सहसा घड्याळाचा सेल नसतो आणि चालू झाल्यावर ते वेळ नेटवरून घेतात. लूसीचे मराठी भाषांतर पॅकेज म्हणून मिळते, पण ते अपुरे आहे. मार्गदर्शिका वाचून काम करायचे असेल तर पाने इंग्रजीतच ठेवलेली बरी.

वायफाय बसवल्यावर बंदच असते, ते बिघडले असे समजू नये. चालू करण्याआधी देशाचा संकेत भारताचा निवडावा, कारण कोणत्या वाहिन्या आणि किती शक्ती वापरायची हे त्यावरून ठरते. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ किंवा ११ यांतली एक वाहिनी आणि २० मेगाहर्ट्झ रुंदी ठेवावी. अभ्यासिकेच्या गल्लीत शेजारच्या शिकवण्यांचे वायफाय एकावर एक चढलेले असताना ४० घेऊन काही साधत नाही. नव्या फोनांसाठी ५ गिगाहर्ट्झ. वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३ चा मिश्र पर्याय निवडल्यावर काही जुने फोन जोडले जात नाहीत. तसे झाले तर डब्ल्यूपीए२ वर यावे.

आता ज्यासाठी हा खटाटोप केला ते काम. एकाने मोठी फाईल चढवली की सर्वांचे अडखळते, याचे मूळ वेग कमी असण्यात नसते. फायबरवाल्याच्या यंत्रातील रांग फुगते आणि डेटाच्या प्रत्येक छोट्या पाकिटाला त्या रांगेच्या शेवटी थांबावे लागते. 'लूसी-अ‍ॅप-एसक्यूएम' हे रांग सांभाळणारे पॅकेज टाकून त्यात 'केक' हा प्रकार निवडला की रांग आपल्या राउटरवर येते आणि तो सर्वांना आळीपाळीने सोडतो. त्यासाठी वेग आधी गर्दी नसताना केबलवरून मोजावा आणि त्याच्या ८५ ते ९५ टक्के आकडा भरावा. आमची ५० एमबीपीएसची जोडणी ४८ भरत होती, म्हणून दोन्ही दिशांना ४४,००० किलोबिट लिहिले. फायबरसाठी ओव्हरहेड, म्हणजे प्रत्येक पाकिटावरचा जादा भार, ४४ बाइट ठेवला. पीपीपीओई असेल तर इंटरफेस 'पीपीपीओई-वॅन' निवडावा. हार्डवेअर ऑफलोडिंग (प्रोसेसरला वगळून पाकिटे पुढे पाठवण्याची सोय) चालू असेल तर ते बंद करावे, नाहीतर पाकिटे एसक्यूएमला वळसा घालून जातात. जोडणी शंभर-दोनशे एमबीपीएसच्या पुढची असेल तर स्वस्त राउटरचा प्रोसेसर दमतो आणि वेग कमी होतो. तिथे एसक्यूएमचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

बसवल्यानंतर आपल्याच हातून चुकीची मांडणी होऊन राउटर आत घेईनासा झाला, तर घाबरून टीएफटीपीकडे धावू नये. ओपनडब्ल्यूआरटीची मूळ प्रणाली केवळ वाचता येईल अशा भागात असते आणि आपले बदल तिच्यावर वेगळ्या थरात लिहिले जातात. राउटर चालू होताना दिवा भराभर लुकलुकू लागला की रीसेटचे बटण दाबावे. फेलसेफ, म्हणजे आपले बदल बाजूला ठेवून चालणारी, अवस्था सुरू होते. या अवस्थेत पत्ता पुन्हा १९२.१६८.१.१ असतो, पण राउटर संगणकाला पत्ता वाटत नाही, म्हणून संगणकाला १९२.१६८.१.२ हाताने द्यावा. मग एसएसएचने (संगणकावरून आज्ञा टंकून राउटरमध्ये शिरण्याच्या सोयीने) आत जाऊन 'फर्स्टबूट' ही आज्ञा दिली आणि राउटर पुन्हा सुरू केला की वरचा थर पुसला जाऊन तो पहिल्या दिवसासारखा होतो. म्हणूनच सगळी मांडणी नीट चालू लागली की बॅकअपच्या पानावरून तिची प्रत उतरवून संगणकावर ठेवावी.

नवी आवृत्ती आली की 'सिस्अपग्रेड' फाईल वापरावी. मांडणी जपायची का, असा पर्याय येतो. एकाच मालिकेत जपावी, मोठ्या बदलात मॉडेलच्या पानावर काय सांगितले आहे ते पाहून ठरवावे. मालिकेचा आकडा साल आणि महिन्यावरून असतो, जसे २४.१०. त्या मालिकेपर्यंत पॅकेजे 'ओपीकेजी'ने टाकली जात, त्यापुढे त्याची जागा 'एपीके'ने घेतली, म्हणून जुन्या लेखांतील आज्ञा डोळे मिटून टंकू नयेत. टाकलेली पॅकेजे अपग्रेडनंतर जातात. फर्मवेअर सिलेक्टरच्या पानावर आपल्या पॅकेजांची नावे जोडून फाईलच तशी बनवून घेतली तर एसक्यूएम पुन्हा टाकावे लागत नाही. हे काम मी परीक्षांच्या हंगामात करत नाही. रविवारी पहाटे, मुले येण्याआधी, वीज स्थिर असताना करतो.

अभ्यासिकेच्या राउटरच्या पाठीवर आता कागदाची एक चिठ्ठी चिकटपट्टीने लावलेली आहे. तिच्यावर हार्डवेअरची आवृत्ती, लॅनचा बदललेला पत्ता, ओपनडब्ल्यूआरटीचा आकडा, बसवल्याची तारीख, आणि टीएफटीपीच्या फाईलचे नाव लहान-मोठ्या अक्षरांसह लिहिले आहे. मे महिन्यात पत्र्याखालच्या उन्हाने शाई फिकट होते, म्हणून ती दर पावसाळ्याआधी पुन्हा गिरवावी लागते.